दिवाळखोरीच्या चौकशीला आलेल्या 'साहेबा'ला आधी कोर्टाचा कागद मागा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांब होणार आहे. जागा कमी पडली तर माझी बडबड कापा पण कलमं आणि आकडे तेवढे राहू द्या ही विनंती, कारण आपल्या खान्देशात हल्ली ज्याचं दिवाळं निघतं त्याच्या दारात कोणीही उठून येतो, गळ्यात कार्ड अडकवलेलं असतं, "चौकशीला आलोय" म्हणतो आणि सरळ घरात शिरतो, आणि घरातली माणसं बिचारी पाणी देतात, चहा देतात आणि मागेल तो कागद काढून देतात. मी आयुष्यभर कोर्टात बेलीफची नोकरी केली, थोडी धुळे जिल्ह्यात आणि बाकी जळगाव जिल्ह्यात, समन्स वॉरंट जप्ती हेच काम, त्यामुळे कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाय कधी टाकता येतो आणि कधी नाही हे मला पुस्तकातून नाही, लोकांच्या शिव्या खाऊन माहिती झालंय.

रावेर-यावल पट्ट्यातली एक गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगत नाही. नात्यातलाच पोरगा, केळीचा व्यापार, इकडून ट्रक भरून उत्तरेकडे माल पाठवायचा. तिकडच्या पार्टीने पेमेंट अडकवलं, इकडे शेतकऱ्यांचे पैसे थकले, पतसंस्थेचं कर्ज होतंच, दोन खाजगी फायनान्स आणि वरून एक सावकार. पोरगा पळून वगैरे गेला नव्हता, घरातच होता, फक्त फोन बंद करून माडीवर बसून राहायचा. एके दिवशी दिवेलागण होऊन गेल्यावर दोन जण आले, इस्त्रीचे शर्ट, हातात फाईल, फाईलवर तीन सिंहांचं चित्र छापलेलं. "आम्ही इन्सॉल्व्हन्सी इन्स्पेक्टर, सेंट्रल गव्हर्मेंट, तुमच्या मिस्टरांची पर्सनल इन्सॉल्व्हन्सीची इन्क्वायरी लागलीये, को-ऑपरेट केलं नाही तर सात वर्षं आत." सुनबाई घाबरली. त्यांनी पासबुकं मागितली, सातबारा मागितला, मोबाईलचं लॉक उघडून मागितलं, मग कपाटाची चावी, आणि शेवटी तिच्या गळ्यातल्या पोतकडे बघून एक जण म्हणतो की सोनं किती आहे त्याची लिस्ट करावी लागेल. ओट्यावर बसलेली म्हातारी तेवढी विचारत होती, "कोन शे रे भो हाऊ?" पण तिच्याकडे कोण लक्ष देतो. शेजारचा एक जण शिकलेला निघाला, त्याने ऑर्डरची कॉपी मागितली तर म्हणे ऑनलाइन आहे, उद्या दाखवतो, आणि पासबुकाचे सातबाराचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन दोघं गाडीवर बसून गेले. नंतर चौकशी केली तर ते फायनान्सवाल्यांनी नेमलेल्या वसुली एजन्सीचे पोरं निघाले. इन्स्पेक्टर नाही न् काही नाही.

आता मुद्दा असा आहे की साध्या माणसाच्या म्हणजे शेतकरी, दुकानदार, व्यापारी, नोकरदार यांच्या दिवाळखोरीसाठी घरोघर फिरणारा सरकारी इन्स्पेक्टर असा प्रकारच आपल्याकडे नाहीये. चौकशी होते, चांगली कडक होऊ शकते, पण ती कोर्टातून सुरू होते आणि कोर्टाने नेमलेला माणूसच करतो. मुंबई शहराला १९०९ चा वेगळा कायदा आहे, ते हायकोर्टात चालतं, ते सोडा. आपल्याला लागू आहे तो १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा, इंग्रजांच्या काळातला, शंभरी ओलांडलेला, आणि त्याचं काम चालतं जिल्हा न्यायालयात. लोक मला म्हणतात की अहो २०१६ ला मोदी सरकारने नवीन कायदा आणला ना, इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड. आणला, बरोबर आहे, आणि त्यात माणसांच्या दिवाळखोरीचा तिसरा भागही लिहिलाय, जुने दोन्ही कायदे रद्द होतील असं २४३ कलमही घातलंय, पण तो तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून चालू केला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्या लोकांसाठी. बाकीच्या जनतेसाठी विहीर खोदली, मोटर बसवली आणि वीजच जोडली नाही अशी गत आहे. म्हणून शिरपूरच्या किराणा दुकानदाराला किंवा चोपड्याच्या केळीवाल्याला दिवाळखोर म्हणून जाहीर व्हायचं असेल तर आजही १९२० चाच रस्ता. त्या कायद्यात अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपये पाहिजे असं लिहिलंय, ५०० रुपये! तेवढ्यात आज जळगावला जाऊन वकिलाला भेटून परत यायचा खर्च निघायचा नाही, पण आकडा कोणी बदललेला नाही.

तर या कायद्यात चौकशी करणाऱ्याला अधिकार काय काय आहेत ते नीट सांगतो, कारण "काहीच अधिकार नाही" असं समजून कोणी खऱ्या माणसालाही दारातून हाकलून देईल आणि गोत्यात येईल.

अर्ज दाखल झाला, कोर्टाने तो मान्य करून सुनावणीला घेतला की कर्जदाराच्या मागे २२ कलमाची कामं लागतात. सगळ्या हिशोबाच्या वह्या आणून द्यायच्या, मालमत्तेची यादी द्यायची, कोणाचं देणं आहे आणि कोणाकडून येणं आहे दोन्ही याद्या द्यायच्या, कोर्ट किंवा रिसिव्हर, म्हणजे मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस, बोलावेल तेव्हा हजर राहायचं आणि विचारतील त्याला उत्तर द्यायचं. इथे टाळाटाळ चालत नाही. मुद्दाम लपवाछपवी केली, वह्या फाडल्या, खोट्या नोंदी केल्या तर ६९ कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद आहे. सात वर्षं नाही, एक वर्ष, आणि तीही कोर्ट देणार, फाईलवाला नाही. मालमत्ता गायब व्हायची भीती असेल तर कोर्ट २० कलमाखाली तात्पुरता रिसिव्हर नेमतं, २१ खाली जप्ती करतं, आणि माणूस पळायच्या बेतात असेल तर पकड वॉरंटही काढतं.

मग नादार जाहीर केल्याचा हुकूम झाला की मालमत्ता त्याची राहत नाही, कोर्टाच्या किंवा रिसिव्हरच्या ताब्यात जाते. हा रिसिव्हर म्हणजे त्यातल्या त्यात तुमचा 'इन्स्पेक्टर'. तो माल विकू शकतो, येणी वसूल करू शकतो, पण धंदा पुढे चालवायचा, दावा लावायचा, वकील द्यायचा तर ५९ कलमाप्रमाणे आधी कोर्टाची परवानगी. एवढंच नाही, ५६ कलमात एक बारीक ओळ आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, ती अशी की ज्या माणसाला खुद्द नादार कायद्याने बाहेर काढू शकला नसता त्याला कोर्टही या कलमाखाली बाहेर काढू शकत नाही. म्हणजे घरमालकाचं दिवाळं निघालं म्हणून त्याच्या भाडेकरूची भांडी रस्त्यावर येत नाहीत, भाडेकरूचे हक्क जसेच्या तसे. आणि रिसिव्हरने केलेली गोष्ट पटली नाही तर ६८ कलमाने २१ दिवसांत कोर्टाकडे अर्ज करता येतो, नादाराला, धनकोला म्हणजे ज्याचं देणं आहे त्याला, आणि तिसऱ्या माणसालाही. हे २१ दिवस लोक वाया घालवतात, वकिलाकडे जायला महिना लावतात आणि मग नशिबाला दोष देतात.

घरात काय राहतं हा प्रश्न बायामाणसं सगळ्यात आधी विचारतात, आणि बरोबरच विचारतात. जे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० कलमाने जप्त होत नाही ते नादारीतही जात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाने बाई जो दागिना अंगावरून उतरवत नाही तो, म्हणजे आपल्याकडची मंगळपोत. कारागिराची हत्यारं. शेतकरी असेल तर अवजारं, पोट भरायला लागतील तेवढी गुरं आणि बी-बियाणं, शेतकऱ्याचं आणि मजुराचं राहतं घर, अर्थात ते गहाण टाकलेलं असेल तर ती गोष्ट वेगळी. मी स्वतः जप्तीला गेलो की पंचांना आधी हे सगळं बाजूला ठेवायला सांगायचो, तवा, परात, दोन हंडे, गोधड्या, पाळणा, आणि मग पंचनामा सुरू करायचो, कारण एकदा का गोधडी पंचनाम्यात लिहिली गेली की ती खोडायला कोर्टात तारीख पडते आणि तोपर्यंत लेकरं थंडीत झोपतात. फक्त एक वस्तू या सवलतीत अजिबात बसत नाही, हिशोबाच्या वह्या. १९२० च्या कायद्याने वह्यांचा मुद्दाम अपवाद केलाय. भांडी ठेवा, वही द्या.

आणि वेळ. संहितेच्या ६२ कलमाप्रमाणे हुकूमाची बजावणी करणाऱ्या माणसाला सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी राहत्या घरात शिरता येत नाही. बाहेरचा दरवाजाही तोडता येत नाही, घर कर्जदाराच्याच ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल तरच तोडता येतो. वॉरंटवर तारीख असते, न्यायाधीशाची किंवा कोर्टाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही असते, कोर्टाचं सील असतं, आणि कोणत्या तारखेपर्यंत बजावणी करायची तो दिवस लिहिलेला असतो. तारीख उलटलेलं वॉरंट घेऊन मी कधी कोणाच्या दारात उभा राहिलो नाही, नाझर साहेबांनी उभं राहू दिलं नसतं. तेव्हा दिवे लागल्यावर आलेला माणूस, कागद "ऑनलाइन आहे" म्हणतो, एवढ्यावरच ओळखा.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. पत्र वाचून काही जण म्हणतील की बेलीफ आता कर्ज बुडवणाऱ्यांना पळवाटा शिकवतोय. उलट आहे साहेब. ज्या शेतकऱ्याने ट्रकभर केळी उधारीवर दिली, कापूस जिनिंगला टाकून पावती खिशात ठेवली, त्याला या कायद्यातले चौकशीचे अधिकार माहीत असते तर बुडवणाऱ्याची झोप उडाली असती. आपल्याकडे व्यापारी बुडाला की काय होतं सगळ्यांना माहितीये, दिवाळं निघायच्या सहा महिने आधी बंगला बायकोच्या नावावर, ट्रक मेहुण्याच्या नावावर, प्लॉट साल्याच्या साल्याच्या नावावर. लोक पारावर बसून चर्चा करतात, "सगळं नावावरून काढून घेतलं हो, आता काय मिळतं?" मिळतं. ५३ कलम म्हणतं की नादारीचा अर्ज दाखल होण्याच्या मागच्या दोन वर्षांत जर कोणी फुकटात किंवा नावापुरत्या किमतीत मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली असेल तर रिसिव्हरच्या मागणीवर कोर्ट ते रद्द करू शकतं, प्रामाणिकपणे योग्य मोबदला देऊन घेतलेली असेल ती सुटते. ५४ कलम आहे ते एकाच मर्जीतल्या धनकोला गुपचूप पैसे देऊन बाकीच्यांना बोंबलत ठेवणाऱ्यासाठी, ते मागच्या तीन महिन्यांतलं बघतं.

आणि ५९-अ! हे कलम प्रत्येक मार्केट कमिटीच्या गेटवर रंगवून ठेवायला पाहिजे. राज्य सरकारने ज्या कोर्टाला खास अधिकार दिलाय ते कोर्ट, रिसिव्हरच्या किंवा कर्ज सिद्ध केलेल्या धनकोच्या अर्जावर, अशा कोणालाही बोलावू शकतं ज्याच्याकडे नादाराची मालमत्ता असल्याचा संशय आहे, किंवा जो नादाराचं देणं लागतो, किंवा ज्याला त्याच्या व्यवहाराची माहिती आहे. म्हणजे मेहुणा, दिवाणजी, ट्रान्सपोर्टवाला, सगळे. कागद घेऊन या म्हणून सांगता येतं. आला नाही, कारणही सांगितलं नाही, तर वॉरंट काढून उभं करता येतं. धनको मिळून ६७-अ खाली स्वतःची तपासणी समितीसुद्धा करू शकतात कोर्टाच्या परवानगीने, रिसिव्हर काम नीट करतोय की नाही हे बघायला. एवढं सगळं पुस्तकात आहे आणि आपले शेतकरी आंदोलन करतात, व्यापाऱ्याच्या घरासमोर बसतात, पोलीस स्टेशनला जातात तर तिथे "हे दिवाणी आहे" ऐकून परत येतात, पण जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज टाकायचं कोणी सांगत नाही, वकील मंडळीसुद्धा फार कमी. धनकोला अर्ज करता येतो हो, ९ कलमाने, फक्त नादारीचं कृत्य घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. धनकोंना चुकवायला व्यापारी गाव सोडून गेला हेही असं कृत्यच आहे. पंचायती करत बसलात तर तीन महिने कधी गेले कळत नाही.

ज्याला प्रामाणिकपणे सुटायचंय त्यानेही ४२ कलम वाचून ठेवावं. मालमत्ता विकून रुपयाला आठ आणेसुद्धा धनकोंच्या हातात पडत नसतील आणि ते का पडत नाहीत याला आपल्या हाताबाहेरचं कारण दाखवता येत नसेल तर बिनशर्त सुटका मिळत नाही. मागच्या तीन वर्षांच्या वह्या ठेवल्या नाहीत, तरी नाही. सट्टा, जुगार, उधळपट्टी यांनी दिवाळं निघालं असेल, तरी नाही. आपल्या भागात सट्ट्यात किती घरं गेली ते मी सांगायला नको. आणि सुटका मिळाली तरी जामीनदार सुटत नाही, ४४ कलमात स्वच्छ लिहिलंय. मित्राच्या शब्दाखातर पतसंस्थेत जामीन म्हणून सही ठोकणाऱ्या मास्तर लोकांनी आणि एसटीतल्या भावांनी हे वाक्य दोनदा वाचा.

आता ज्यांना २०१६ चा कायदा खरंच लागू होतो त्यांच्याविषयी. एखादी जिनिंग, दाल मिल प्रायव्हेट लिमिटेड आहे, तिच्या कर्जाला डायरेक्टरने, त्याच्या बापाने, भावाने वैयक्तिक जामीन दिलाय, तर बँक त्याच्याविरुद्ध एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या ट्रिब्युनलमध्ये जाऊ शकते, आपल्यासाठी ते मुंबईला. तिथे जो माणूस नेमला जातो त्याला रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणतात, आणि गावात याच माणसाला लोक इन्स्पेक्टर म्हणून घाबरतात. त्याचे अधिकार ९९ कलमात आहेत. तो अर्ज तपासतो, कर्जदाराला, धनकोला किंवा दुसऱ्या कोणाला माहिती विचारू शकतो, ज्याला विचारली त्याने सात दिवसांत द्यायची. नेमणूक झाल्यापासून दहा दिवसांत त्याने अर्ज तपासून रिपोर्ट द्यायचा. बस. सुप्रीम कोर्टाने ९ नोव्हेंबर २०२३ ला दिलीप जिवराजका प्रकरणात हे पक्कं सांगून ठेवलंय की हा माणूस निवाडा करत नाही, माहिती गोळा करून शिफारस करतो, निर्णय ट्रिब्युनल घेणार, आणि माहितीही अर्जाशी संबंधित असेल तेवढीच मागायची, माणसाची सगळी कुंडली उकरत बसायचं नाही. कपाट उघडणं, मोबाईल हिसकावणं, सोन्याची यादी करणं यातलं त्याला या टप्प्यावर काहीही करता येत नाही. पुढे दिवाळखोरीचा हुकूम झालाच तर मग ट्रस्टी येतो, त्याला मालमत्ता ताब्यात घ्यायचे, विकायचे, व्यवहार तपासायचे अधिकार आहेत, पण तोही हुकुमाच्या जोरावर येतो, हुकूम नसताना नाही.

गंमत म्हणजे या कायद्यात खरा झडतीचा अधिकार असलेला तपास अधिकारी आहे, पण तो कर्जदारावर सोडलेला नाही, या प्रोफेशनल लोकांवर सोडलेला आहे! २१८ कलम. दिल्लीत २०१६ पासून आयबीबीआय म्हणून बोर्ड आहे, त्याला वाटलं की एखादा प्रोफेशनल गडबड करतोय तर बोर्ड तपास अधिकारी नेमतं, आणि तो अधिकारी जिथे कागद असतील अशा जागेत जाऊन ते जप्त करू शकतो, फौजदारी संहितेतले झडतीचे नियम पाळून. नंतर शिस्तपालन समिती, लायसन्स जाण्यापर्यंत. तेव्हा खरा प्रोफेशनल आला आणि हद्द सोडून वागला तर बोर्डाकडे तक्रार करा, प्रत्येकाला रजिस्ट्रेशन नंबर असतो तो बोर्डाच्या वेबसाईटवर तपासता येतो, पोराला सांगा मोबाईलवर बघून देईल.

बाकी जे लोक दारात येतात त्यांचं थोडक्यात. पतसंस्थेचा वसुली अधिकारी खरा असू शकतो, १९६० च्या सहकार कायद्याच्या १०१ कलमाचा वसुलीचा दाखला आणि १५६ खाली अधिकार, त्याला जप्ती करता येते, पण त्या दाखल्यातल्या रकमेपुरती, तुमच्या बाकीच्या कर्जाची चौकशी करायला तो कोणी नाही. दाखला बघायला मागा. गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायचा बँकेचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागत नाही, आणि १३(२) च्या नोटीशीनंतर ६० दिवस मिळतात. वसुली एजंट हा तर साधा पगारी माणूस, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ ला सांगितलंय की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोनसुद्धा करायचा नाही, त्रास दिला तर आधी बँकेला किंवा फायनान्सला लेखी तक्रार आणि तिथे दाद नाही लागली तर १४४४८ वर फोन करून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कसं जायचं ते विचारा. आणि सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या २०४ कलमाखाली गुन्हा आहे, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. वर सांगितलेल्या दोघांना हे लागू होतं की नाही ते पोलिसांनी ठरवावं पण तक्रार तर घ्यावी, "मिटवून घ्या" हे उत्तर झालं का?

सावकाराचं मात्र वेगळं आहे आणि इथे मी इन्स्पेक्शनच्या बाजूने आहे. २०१४ च्या सावकारी कायद्यात जिल्हा उपनिबंधक आणि तालुक्याचे सहाय्यक निबंधक यांना सावकाराच्या घरात दुकानात जाऊन झडती घ्यायचे, कोरे स्टॅम्प, चेक, खरेदीखतं ताब्यात घ्यायचे अधिकार दिलेत. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्याजात लिहून घेतलेली जमीन चौकशी करून परत द्यायचा अधिकारही आहे. मग या धाडी वर्षातून किती पडतात? ज्याच्याकडे झडतीचा अधिकार आहे तो ऑफिसात बसून अर्जाची वाट बघतो आणि ज्याच्याकडे काहीच अधिकार नाही तो संध्याकाळी लोकांची कपाटं उघडतो, असा आपला कारभार. अर्ज करणारा माणूस त्याच सावकाराच्या गल्लीत राहतो हे साहेबांना कळत नाही असं थोडंच आहे.

अजून एक, पैसे नाहीत म्हणून जेल या धमकीचं. १९८० ला सुप्रीम कोर्टाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलंय की नुसती ऐपत नाही म्हणून हुकूमनाम्यातल्या पैशासाठी माणसाला कैदेत टाकता येत नाही, ऐपत असून मुद्दाम देत नाही असं दिसायला पाहिजे. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटकच करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं ५६ कलम. चेक बाउन्सचं प्रकरण वेगळं, ते फौजदारी आहे, त्यात गाफील राहू नका, तारखेला जा.

माझी मागणी दोन-तीन ठिकाणी आहे. दिल्लीवाल्यांनी २०१६ च्या कायद्याचा तिसरा भाग एकतर सगळ्यांसाठी चालू करावा नाहीतर १९२० चाच कायदा दुरुस्त करून द्यावा. त्या तिसऱ्या भागात 'फ्रेश स्टार्ट' म्हणून एक सोय लिहिलीये, वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नाही अशा माणसाचं कर्ज साफ करायची. आकडे हास्यास्पद आहेत, पण नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागातून ऊसतोडीला जाणारा, मुकादमाची उचल आणि मायक्रोफायनान्सचे हप्ते यात अडकलेला माणूस कदाचित त्यात बसला असता. तेही कागदावरच.

आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांनी तालुक्याच्या कोर्टात आणि बाजार समितीत मराठीत बोर्ड लावावा, की दिवाळखोरीच्या चौकशीला येणाऱ्याकडे कोणता कागद असतो, तो कोणाच्या सहीचा असतो, तो काय मागू शकतो आणि काय नाही. एका बोर्डावर मावतं, मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तर उत्पन्न न बघता तिथे वकील फुकट मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो, फोन १५१००. तो नंबर आपल्या पेपरात बाजारभावाच्या शेजारी रोज छापलात तर फार उपकार होतील, भाव बघायला पेपर सगळेच उघडतात.

कळावे,
आपला जुना वाचक,
एक निवृत्त बेलीफ
ता. अमळनेर, जि. जळगाव